तुम्ही विचारलंत म्हणून: गरिबी की वंशद्वेष?

“तुझ्याकडचे ते गोरे कामगार ट्रम्पलाच का गं मत देतात? गरिबीने पिचलेत म्हणून, की मुळातच वंशद्वेष्टे आहेत म्हणून?”

२०१६ च्या नोव्हेंबरात आतेभावाने हे पहिल्यांदा विचारलं. तेव्हापासून निवडणूक असो नसो, प्रश्न येतच असतो. पुण्याहून मावशी विचारते, न्यू जर्सीचे मित्र विचारतात, कॅलिफोर्नियातली भाची विचारते आणि तिच्या विचारण्यातच तिचं उत्तर असतं. मी ओहायोत, यंग्सटाउनच्या जवळ, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवसभर काउंटरला उभी असते, म्हणजे हिला माणसं कळत असणार, असा सगळ्यांचा हिशोब. मला माणसांचं कोलेस्टेरॉल कळतं. मत कोणाला देणार ते बऱ्याचदा टोपीवरच लिहिलेलं असतं. का देणार, ते कुठे लिहिलेलं नसतं.

तरी विचारता आहात तर एकदा सांगून टाकते. पुन्हा विचारू नका असं म्हणत नाही, कारण विचारालच.

आधी माझी तक्रार ऐका. तुमच्या प्रश्नाला दोनच खण आहेत. मी ‘गरिबी’ म्हटलं की तुम्ही ‘बिचारे’ म्हणता, ‘वंशद्वेष’ म्हटलं की ‘मग जाऊ देत मसणात’ म्हणता, आणि दोन्ही वेळा फोन पाच मिनिटांत आटोपतो. २०१६ मध्ये मीही असाच आटोपला होता. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलामोठा संदेश लिहिला: हा पोटाचा प्रश्न आहे, रंगाचा नाही, कारखाने गेले, पगार गेले, गावं ओस पडली, माणसं चिडली, उगाच त्यांना वंशद्वेष्टे म्हणू नका. तो संदेश इतका फिरला की महिन्याभराने दुसऱ्याच कोणाच्या नावाने माझ्याकडे परत आला, खाली ‘विचार करायला लावणारं’ असा शेरा. तेव्हा बरं वाटलं होतं. त्या संदेशातल्या बाईशी मी हल्ली भांडत असते.

तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी यंग्सटाउन शीट अँड ट्यूब या पोलाद कंपनीने कॅम्पबेलचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि पाच हजारांच्या आसपास नोकऱ्या एका घोषणेत गेल्या. पुढच्या काही वर्षांत खोऱ्यातले बाकीचे पोलाद कारखानेही त्याच वाटेने गेले. मग आधार उरला लॉर्ड्सटाउनच्या जनरल मोटर्सचा, १९६६ पासून चाललेल्या मोटार कारखान्याचा. जुलै २०१७ मध्ये ट्रम्प यंग्सटाउनला आले आणि भर सभेत म्हणाले, नोकऱ्या सगळ्या परत येताहेत, घरं विकू नका. मार्च २०१९ मध्ये लॉर्ड्सटाउनमधून शेवटची गाडी बाहेर पडली. ज्यांनी ऐकून घरं विकली नाहीत त्यांना मी ओळखते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडे असतात.

आणि ‘मुळातच’ म्हणाल तर आमच्या माहोनिंग काउंटीने २००८ आणि २०१२, दोन्ही वेळा ओबामांना भरभरून मतं दिली होती. २०१६ मध्येही इथे थोडक्यात का होईना, हिलरी क्लिंटनच पुढे होत्या. काउंटी ट्रम्पकडे गेली ती २०२० मध्ये. त्याआधी रिपब्लिकन उमेदवार इथे जिंकला होता १९७२ मध्ये, निक्सन. घरं तीच, युनियनची कार्डं तीच, आडनावं तीच.

इथवर माझा संदेश ठीक होता. पण त्यात एक माणूस नव्हताच. कारखाना कृष्णवर्णीयांचाही गेला होता. यंग्सटाउन शहरात ते चाळीस टक्क्यांच्या आसपास आहेत. नोकरी त्यांचीही गेली, घराची किंमत त्यांच्याही पडली, पोरं त्यांचीही गाव सोडून गेली. त्याच दुःखातून त्यांनी तसं मत काढलं नाही. नुसता पोटाचाच प्रश्न असेल तर पोट सगळ्यांनाच असतं की! हे ग्रुपवर मला कोणी विचारलं नाही. विचारलं आमच्या दुकानातल्या टेक्निशियनने.

ती आणि मी बरीच वर्षं एकत्र काम करतो. ती कृष्णवर्णीय, माझ्याहून थोडी मोठी, जन्म इथलाच. तिचे वडील कॅम्पबेलला कोक ओव्हनवर होते. भट्टीत दगडी कोळसा भाजून कोक करायचा, भट्ट्यांच्या झाकणांवर उभं राहून काम, पाय भाजू नयेत म्हणून बुटांना लाकडी तळवे. कर्करोगाची जागा. युनियन होती, पण ज्येष्ठता त्या-त्या खात्यापुरती. कोक ओव्हनवरच्या माणसाने दुसऱ्या खात्यात बदली मागितली की त्याची इतक्या वर्षांची नोकरी शून्य धरायची. आणि कोण कुठल्या खात्यात लागणार, हे भरतीच्या दिवशी कातडी बघून ठरलेलं. एप्रिल १९७४ मध्ये सरकार, नऊ पोलाद कंपन्या आणि स्टीलवर्कर्स युनियन यांच्यात कोर्टापुढे करार झाला. शीट अँड ट्यूब त्या नवांत होती. ज्येष्ठता अख्ख्या कारखान्याची मोजायची, कारागिरीच्या कामांत जागा द्यायच्या, मागच्या अन्यायापोटी तीन कोटी डॉलरच्या वर भरपाई वाटायची. तिच्या वडिलांना भट्टीवरून खाली उतरता आलं ते तेव्हा. तीन वर्षांनी कारखानाच बंद.

हीच तीन वर्षं काही गोऱ्या घरांत कशी आठवली जातात? ‘त्यांना आत घेतलं आणि धंदा बसला.’ खोकल्याचं औषध घेता घेता मला हे सांगितलं गेलंय, आवाज जराही न चढवता. कारखाना कोणी बंद केला असं विचारलं तर जपानी पोलाद, प्रदूषणाचे कायदे, युनियन, कोटा अशी उत्तरं येतात. १९६९ मध्ये शीट अँड ट्यूब विकत घेणारी न्यू ऑर्लिन्सची लाइक्स नावाची कंपनी होती. तिने कारखान्याची गंगाजळी उपसली आणि यंत्रांवर पैसा घातला नाही, असा आरोप तेव्हा उघडपणे झाला होता. इथल्या चर्चच्या पुढाऱ्यांनी एकत्र येऊन कामगारांच्या मालकीचा कारखाना चालवायची धडपडही केली. १९७९ मध्ये कार्टर सरकारने कर्जाची हमी नाकारली आणि ती संपली. लाइक्सचं नाव मी काउंटरवर एकदाही ऐकलेलं नाही. मला ते वाचून कळलं.

(मावशी, तू लगेच ‘कमालच आहे त्या लोकांची’ म्हणशील. आपण लालबागचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते मान वर करून बघितलं की दिसतं. चाळीत शिव्या कोणाला पडायच्या? भैय्यांना. त्याआधी मद्रासी म्हणून कोणालाही. तेव्हा अमेरिकेतून कोणी फोन करून विचारलं नव्हतं, की हे गरिबीमुळे की द्वेषामुळे.)

आता ज्या संध्याकाळपासून माझं आणि त्या संदेशाचं फाटलं, ती सांगते. माणसाची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत; आमच्या धंद्यात तसं करावंच लागतं.

२०१९, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा. फ्लूच्या लशी सुरू, फोन सुरू, ड्राइव्ह-थ्रूची घंटा सुरू, आणि आत आम्ही दोघीच. आमच्या दुकानांच्या साखळीने त्या तिमाहीत कामाचे तास कापले होते. जिथे चौघं लागतात तिथे दोघींनी ओढायचं. रांग शुभेच्छापत्रांच्या फडताळापर्यंत गेलेली. पुढे एक तरुण कृष्णवर्णीय आई, कडेवर तापाने फणफणलेलं पोर. मी अमॉक्सिसिलिनच्या पावडरीत पाणी घालून बाटली हलवली, गुलाबी औषध तिच्या हातात दिलं, दिवसातून दोनदा, फ्रीजमध्ये ठेवा. मेडिकेड होतं, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा. पैसे शून्य. तिने सही केली आणि गेली.

तिच्यामागे हा गृहस्थ. गोरा, पंचावन्नच्या आसपास, जुना ग्राहक. लॉर्ड्सटाउनला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात होता; मोटार कारखान्यामागोमाग तोही बंद झालेला. माझ्याशी बोलायला फार चांगला. दर उन्हाळ्यात परसातल्या तिखट मिरच्या तेलात घालून बरणी आणून द्यायचा, ‘तुम्हाला तरी झेपतील’ म्हणून. बायकोची इन्सुलिन घ्यायला आला होता. मी क्लेम टाकला, रिजेक्ट. पुन्हा टाकला, पुन्हा तेच: विमा संपुष्टात. कारखान्याने बंद होताना काही महिने विमा चालू ठेवला होता, तो महिनाअखेरीला संपला होता. पत्र आलं असणार आणि बाकीच्या पत्रांखाली पडलं असणार. विम्याशिवाय तेव्हा एका बाटलीचे पावणेतीनशे डॉलर, आणि तिला महिन्याला दोन लागायच्या.

मी हळू आवाजात सांगितलं. तो हळू बोलला नाही.

“ती आत्ता गेली तिने किती दिले?”

दुसऱ्यांचं सांगता येत नाही, मी म्हटलं.

“मी पाहिलं. काही नाही दिलं. तीस वर्षं मी कर भरला तिच्या त्या ‘काही नाही’साठी.” मग मान वळवून माझ्या टेक्निशियनकडे: “तुमच्या लोकांना कार्ड मिळतं. आम्हाला बिल मिळतं.” आणि मग माझ्याकडे: “आणि तुम्ही. बाहेरून आलात, आणि काउंटरच्या त्या बाजूला तुम्ही आहात, या बाजूला मी.”

रांगेत कोणी हूं की चूं केलं नाही. ती ट्रेवर गोळ्या मोजत होती, पट्टीने पाच-पाचच्या ढिगांत सरकवत. तिचा हात थांबला नाही. मला कशाचं वाईट वाटलं, विचाराल तर खरं सांगते: तिला बोललेल्या वाक्यापेक्षा मला बोललेलं जास्त झोंबलं. परीक्षा मी पुन्हा दिल्या, परवाना इथला काढला, कर मीही भरते, वगैरे सगळी उत्तरं जिभेवर आली. त्यातलं एकही बोलले नाही. त्याला बाजूच्या खिडकीशी घेतलं, जिथे आम्ही औषधं समजावून सांगतो.

बेकार भत्ता चालू आहे? नाही, संपला. मग मी म्हटलं, ओहायोत २०१४ पासून कमी उत्पन्नाच्या प्रौढांनाही मेडिकेड मिळतं. तुमच्याच पक्षाच्या गव्हर्नरने, केसिकने आणलं ते. तुम्ही दोघं बहुतेक बसाल. अर्ज आजच करता येईल, हा घ्या नंबर.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की आधीचं सगळं बोलणं त्यामानाने सौम्य वाटावं. “मी त्यातला नाही,” तो म्हणाला. “ते त्यांच्यासाठी आहे.”

हे तो दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या माझ्या टेक्निशियनच्या देखत म्हणाला, जिने आयुष्यात मेडिकेड घेतलेलं नाही, जी त्या क्षणी कामावर होती आणि जिच्या पगारातून त्याचंही काहीतरी कापलं जात होतं.

मग मी डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावला, बंद. ऑन-कॉल डॉक्टर गाठला. एका मोठ्या स्वस्त दुकानात जुन्या पद्धतीची इन्सुलिन पंचवीस डॉलरच्या आसपास मिळते. पण तिचा परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो, जेवणाआधी अर्धा तास टोचावी लागते, डोस डॉक्टरने ठरवून द्यावा लागतो, नाहीतर मध्यरात्री साखर उतरून माणूस जायचा. डॉक्टरने सांगितलेलं सगळं मी औषधाच्या कागदी पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तो पिशवी घेऊन गेला. रांग पुढे सरकली.

रात्री शटर ओढल्यावर मी सुरू केलं, की घाबरला होता गं तो, विमा गेला, बायको आजारी, माणूस तसा वाईट नाही…

ती म्हणाली, “तो काय बोलला ते मला ऐकू आलं. तू मला त्याचा अर्थ का सांगतेस? माझ्या वडिलांचाही विमा गेला होता. ते कुठल्या पोराच्या औषधाकडे बघून ओरडले नाहीत.” मग कोट चढवता चढवता: “शुक्रवारपर्यंत तुझ्याशी गोड बोलायला लागेल बघ. माझ्याशी नाही.”

तसंच झालं. आला, ‘त्या दिवशी जरा जास्तच बोलून गेलो’ असं मला म्हणाला. त्याचा नंबर तिच्या गल्ल्यावर लागला तेव्हा मागच्या बाईला ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून माझा गल्ला मोकळा व्हायची वाट बघत राहिला. तिने पाहिलं, मी पाहिलं. त्याला वाटलं कोणी पाहिलं नाही. त्या आठवड्याच्या ग्राहक-समाधानाच्या आकड्यात आमचं दुकान खाली गेलं, म्हणून साखळीने आम्हा दोघींना सौजन्यावरचा एक व्हिडिओ बघायला लावला. तास वाढवले नाहीत.

आता सांगा, ही गरिबी की वंशद्वेष? इन्सुलिनच्या बाटलीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. ते नाव त्याच्या नाकासमोर होतं. तो ओरडला गुलाबी बाटलीवर, जिची किंमत जेमतेम काही डॉलर. आणि ओरडायला लागणारी वाक्यं त्याला स्वतः रचावी लागली नाहीत. ती तयार मिळतात, पन्नास-साठ वर्षं मिळताहेत.

अलाबामाचा जॉर्ज वॉलेस १९६३ मध्ये गव्हर्नर होताना उघड म्हणाला होता: वर्णभेद आज, उद्या आणि कायमचा. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा भाषा बदललेली. वॉशिंग्टनचे बाबू आणि सायकलही सरळ लावता न येणारे प्रोफेसर यांच्यावर तो तुटून पडायचा. साडेतेरा टक्के मतं घेतली, पाच राज्यं जिंकली. उत्तरेच्या मोटार कामगारांत त्याचं इतकं आकर्षण होतं की युनियनला त्याच्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. त्याच्या भाषणात वरचा शत्रू होता आणि खालचा शत्रू होता. कारखान्याचा मालक कुठेच नव्हता. १९७६ मध्ये रेगन सभांतून शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगायचे, जी ऐंशी नावांनी सरकारी मदत लाटते. अशी एक बाई खरोखर होती, फसवणूकही खरी होती. रंगाचा उल्लेख रेगनना करावा लागला नाही. १९८१ मध्ये ली ॲटवॉटर या रिपब्लिकन सल्लागाराने एका मुलाखतीत सगळा हिशोबच सांगून टाकला: १९५४ मध्ये थेट शिवी देऊन चालायचं, १९६८ पर्यंत ते महागात पडू लागलं, मग राज्यांचे हक्क म्हणायचं, मग नुसती करकपात म्हणायचं. १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर जेसी हेल्म्स यांची निवडणुकीतली जाहिरात: दोन गोरे हात नोकरी नाकारल्याचं पत्र चुरगाळताहेत, निवेदक सांगतोय की नोकरीला तूच लायक होतास, पण कोट्यामुळे ती अल्पसंख्याकाला द्यावी लागली. नोकऱ्या कमी का झाल्या, हे त्या जाहिरातीत नाही.

वॉलेस आणि माझा ग्राहक यांच्यामध्ये हे सगळं पसरलेलं आहे. कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांनी (बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिलं होतं तेच) १९३५ मध्ये मांडलं होतं, की गोऱ्या कामगाराला तुटपुंज्या मजुरीच्या जोडीला आणखी एक मजुरी मिळते, मानाची. माझ्या ग्राहकाला ती मानाची मजुरी इन्सुलिनच्या दोन बाटल्यांना पडली.

पण थांबा, लगेच मसणात पाठवू नका. पलीकडच्या बाजूने त्याला काय ऐकवलं तेही बघा. नाफ्टा, म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार, १ जानेवारी १९९४ ला लागू झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट क्लिंटन होते. २००८ मध्ये ओबामा सॅन फ्रान्सिस्कोत देणगीदारांपुढे म्हणाले की नोकऱ्या गेलेल्या गावांतले लोक कडवट होतात आणि बंदुका, धर्म, परक्यांचा तिटकारा यांना घट्ट धरून बसतात. त्यातलं अर्धं खरंच आहे. पण ते बोलले कुठे? श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. २०१६ मध्ये हिलरींनी ट्रम्पच्या अर्ध्या मतदारांना एका टोपलीत घालून ‘डिप्लोरेबल’ (धिक्कार करण्याजोगे) म्हटलं, आणि तो शब्द छापलेले टी-शर्ट घालून लोक आमच्याकडे औषधं न्यायला आले. आमच्या खोऱ्याला असला माणूस नवा नाही. ट्रम्पच्या कितीतरी आधी आम्ही जिम ट्रॅफिकंटला निवडून देत होतो: टोप घालायचा, वाट्टेल ते बोलायचा, शेरीफ असताना बेकार कामगारांच्या घरांवर जप्ती आणायला नकार देऊन स्वतः तुरुंगात बसला. शेवटी लाचखोरीत सापडला, २००२ मध्ये काँग्रेसने त्याला हाकललं. पण जप्तीच्या कागदावर सही न करणारा एक तरी होता, हे इथल्या लोकांना अजून आठवतं. तो डेमोक्रॅट होता.

२०२४ मध्ये ओहायोने शेरॉड ब्राउन या डेमोक्रॅट सिनेटरला पाडलं, जो जन्मभर नाफ्टाविरुद्ध आणि कामगारांच्या बाजूने बोलला. निवडून आला रिपब्लिकन बर्नी मोरेनो, कोलंबियात जन्मलेला, मोटारींच्या शोरूम चालवून श्रीमंत झालेला. आता याला कुठल्या खणात टाकू? नुसता वर्ग म्हटला तर ब्राउन यायला हवा होता. नुसता वंश म्हटला तर बोगोटाचा मोरेनो कसा आला? माझ्या टेक्निशियनकडे याचं उत्तर आहे: “दारात कोणाला उभं करायचं ते घरमालक ठरवतो. मोरेनोला आत घेतलं, तुलाही घेतील. आम्हाला नाही.” मला हे पूर्ण पटत नाही. त्या गल्ल्यावरचा नंबर बदललेला आठवला की खोडताही येत नाही.

‘तुलाही’ हे तिने मुद्दाम म्हटलं. कारण २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंश विचारात घेणं बंद पाडलं, तेव्हा आमच्या मराठी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. आपल्या पोरांच्या जागा ‘त्यांना’ जात होत्या, आता मेरिटला न्याय मिळाला. हेल्म्सच्या जाहिरातीतलेच हात, फक्त गव्हाळ. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण मला पुढच्या गणपतीत मोदक खायचे असतात. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांनी अमेरिकन कोर्टात सांगून पाहिलं होतं की मी उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोराच. कोर्टाने नागरिकत्व नाकारलं. आपल्यासाठी दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, कृष्णवर्णीयांच्या चळवळीने देश ढवळून काढला त्या वर्षांत. आणि २०२४ च्या नाताळात आमच्याच ओहायोच्या विवेक रामस्वामी या रिपब्लिकन नेत्याने लिहिलं, की अमेरिकन संस्कृती सुमारपणाचं कौतुक करते म्हणून कंपन्या बाहेरचे इंजिनिअर घेतात. आमच्या ग्रुपवर टाळ्या. दोन दिवसांत त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांना कुठे परत जा म्हणून सांगितलं, ते तुम्ही वाचलंच असेल. बाहेरून आलात आणि काउंटरच्या त्या बाजूला उभे, हे वाक्य मला तेव्हा पुन्हा ऐकू आलं. त्यात खोटं काय होतं? आलेच होते. उभीच होते.

त्या गृहस्थाने पुढे मेडिकेड घेतलं. त्याने नव्हे, बायकोने अर्ज भरला. कार्ड घेऊन ती एकटी येते, सकाळी लवकर, रांग नसताना. ४ जुलै २०२५ ला ट्रम्पनी सही केलेल्या कायद्यात अट आहे: त्यांच्यासारख्या प्रौढांना २०२७ पासून महिन्याला ऐंशी तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागेल, नाहीतर कार्ड बंद. त्याला तो कायदा फार आवडला. फुकट खाणाऱ्यांना लावा कामाला, म्हणाला. तो आठवड्यातले थोडे दिवस पार्सलं पोचवतो, कधी काम असतं कधी नसतं. मी विचारलं, तुमचे ऐंशी तास कसे दाखवाल? “ते माझ्यासाठी नाहीये,” तो म्हणाला, आणि ग्लुकोजच्या पट्ट्या आल्यात का ते विचारलं.

हे मी टेक्निशियनला सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, बघ, रंगच. मी म्हटलं, तो कायदा करून घेणाऱ्यांना रंग नाही, करकपात हवी होती. ती म्हणाली, ॲटवॉटर हेच म्हणाला ना? मी म्हटलं, मग ओबामांना दोनदा मत देणारा हाच माणूस होता त्याचं काय? ती म्हणाली, ओबामा त्याच्या गल्ल्यावर नव्हते. यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते आणि दीडला शटर वर करावं लागतं.